दप्तरखान्याची किल्ली

आमच्या तालुक्याच्या गावात जुना सरकारी कागद शोधायचा असेल, तर आधी किल्ली शोधावी लागते. निवृत्त झालो त्या वर्षी नगरपालिकेत जुन्या दप्तराची चौकशी करायला गेलो. आवक-जावकच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, "सर, किल्ली शिपायाकडे असते, आणि शिपाई रजेवर आहे." आठवड्यानं गेलो तर शिपाई हजर होता, पण किल्ली आरोग्य विभागात गेलेली. कारण त्या खोलीत दप्तराबरोबर जंतुनाशक पावडरीची पोतीही ठेवत असत. तिसऱ्या खेपेला किल्ली मिळाली, तर कुलूप गंजलेलं. त्यात तेल सोडून, दगडानं ठोकून ते उघडलं तेव्हा आत अंधार, वाळवीची माती आणि लाल कापडात बांधलेले गठ्ठे. आमच्या गावाची शंभर वर्षं त्या खोलीत पोत्यांच्या मागे पडून होती.

मी हायस्कुलात तीस-बत्तीस वर्षं इतिहास शिकवला. फ्रेंच राज्यक्रांतीची कारणं मी झोपेतही सांगू शकेन. पण आपल्या गावात मुलींची शाळा कधी सुरू झाली, नळ कधी आले, प्लेगच्या साली लोक घरं सोडून कुठं राहायला गेले, हे कुणी विचारलं असतं तर मी एखाद्या म्हाताऱ्या माणसाकडे बोट दाखवलं असतं. पुढं नगरपालिकेनं स्मरणिका काढायचं ठरवलं आणि 'गावाचा इतिहास' हे प्रकरण माझ्या गळ्यात आलं. म्हाताऱ्या माणसांकडे गेलो, तर तिघांनी तीन साली नळ आणले. म्हणून दप्तराकडे वळलो. त्या शोधात जे हाती लागलं, ते आज सांगतो.

राजवाडे आणि गटाराचे ठराव

कागदासाठी पायपीट करण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगावच्या वाड्यांचे माळे धुंडाळून कागद जमवले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड 1898 साली निघाला आणि पुढं खंडांची संख्या बावीसवर गेली. 1910 साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. पेशवे दप्तरातल्या हजारो रुमालांतून निवडक कागद काढून रियासतकार सरदेसाई यांनी पंचेचाळीस खंड छापले. या मंडळींनी तो उद्योग केला नसता, तर आपल्याला पानिपताची हकिकतही नीट कळली नसती.

पण तो इतिहास राजांचा, सरदारांचा, सावकारांचा. गावातली गटारं, विहिरी, दिवे, शाळा यांचा इतिहास कुणाच्या वाड्यात सापडणार? तो सापडतो कचेरीत. इंग्रजी अमलात 1850 च्या कायद्यानं लहान गावांना नगरपालिका स्थापन करायची वाट मोकळी झाली. 1882 साली लॉर्ड रिपन यांनी स्थानिक स्वराज्याचा ठराव केला. त्यानंतर 1884 साली मुंबई इलाख्यात नगरपालिकांचा आणि लोकल बोर्डांचा असे दोन कायदे आले. कायदा आला म्हणजे सभा आली, आणि सभा आली म्हणजे सभेत काय झालं ते लिहून ठेवणं आलं. अमक्यानं सूचना मांडली, तमक्यानं अनुमोदन दिलं, मतं इतकी, ठराव पास. आपण ज्याला प्रोसिडिंग बुक म्हणतो ते हेच.

हे लिहिणारा कारकून इतिहास लिहीत नव्हता. कंदिलाला तेल किती लागलं, मोकाट कुत्र्यांच्या बंदोबस्तावर किती खर्च झाला, बाजाराच्या दिवशी गाडीला किती कर घ्यायचा, एवढंच त्याला लिहायचं होतं. म्हणूनच त्याच्यावर विश्वास ठेवावासा वाटतो. प्लेगची साथ 1896 साली मुंबईत आली आणि नंतर इलाखाभर पसरली, हे पुस्तकात असतं. आमच्या गावच्या वहीत गावाबाहेर झोपड्या घालण्यासाठी बांबू किती आणले आणि ते कुणाकडून आणले, याचा हिशेब आहे. त्यापुढच्या दोन महिन्यांच्या सभा 'कोरमअभावी झाल्या नाहीत' असं एका ओळीत लिहिलं आहे. गाव रिकामं झालं होतं, हे मला त्या ओळीनं सांगितलं.

कोणता कागद कुठं

जुना कागद शोधणाऱ्याची पहिली चूक अशी, की तो सगळं एका कचेरीत शोधतो. मीही तेच केलं. वास्तविक प्रत्येक खोलीची वाटणी ठरलेली आहे. नगरपालिकेत सभांची प्रोसिडिंग बुकं, घरपट्टीची आकारणी, गावठाणातले जन्म-मृत्यू. तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात जमिनीचे जुने उतारे, फेरफार, आणि आसपासच्या खेड्यांची कोतवाल बुकं. भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचे नकाशे आणि आकारफोड. खरेदीखतं दुय्यम निबंधकाकडे. शाळेचं जनरल रजिस्टर मात्र शाळेतच. 1962 पूर्वीच्या लोकल बोर्डांचा कारभार पुढं जिल्हा परिषदांकडे गेला, तेव्हा खेड्यातल्या शाळेच्या इमारतीचा किंवा रस्त्याचा कागद हवा असेल, तर जिल्ह्याच्या गावची एसटी धरावी लागते.

सातबारा हा शब्द आपल्या तोंडी इतका बसला आहे, की तो मुळात दोन कागदांचा जोड आहे हे आपण विसरतो. गाव नमुना सात म्हणजे जमीन कुणाची, आणि गाव नमुना बारा म्हणजे त्यात काय पिकलं. हक्कनोंदणीचा कायदा मुंबई इलाख्यात 1903 साली आला. त्यामुळे साधारण त्या सुमारापासून कोणती जमीन कुणाकडून कुणाकडे गेली, याचा माग फेरफाराच्या वहीतून काढता येतो.

कागद किती वर्षं जपायचा यालाही नियम आहे. सरकारी दप्तराचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. 'अ' वर्गाचा कागद कायमचा, 'ब' वर्गाचा तीस वर्षं, 'क' वर्गाचा दहा वर्षं, आणि 'ड' वर्गाचा वर्षभरानं नष्ट करायचा. नियम चांगला आहे, कारण सगळंच ठेवायचं म्हटलं तर माणसांना बसायला जागा उरणार नाही. पण वर्ग ठरवणारा माणूस घाईत असला, तर कायमचा कागदही रद्दीच्या ढिगात जातो. आमच्याकडच्या सहा-सात वर्षांच्या वह्या अशाच गेल्या. कचेरी नव्या इमारतीत नेताना कुणीतरी 'जुनं-पानं' म्हणून टेम्पो भरला. तो टेम्पो कुठं गेला हे सांगणारा माणूस आता हयात नाही.

शिवाय लिपीची अडचण आहेच. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत कारकुनी लिखाण बरंचसं मोडीत होई. माझे आजोबा वकिली करत. त्यांनी मला लहानपणी पाटीवर मोडी गिरवायला लावली होती. तेव्हा मी रडलो होतो, साठीनंतर त्यांचे उपकार आठवले.

अकरा दिवसांची मुलगी

तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात मी जातो-येतो हे गावात कळलं, आणि एके दिवशी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. बरोबर त्याची मुलगी होती. तिला नर्सिंगला प्रवेश मिळत होता, पण जातपडताळणी अडली होती. कुटुंब मातंग समाजातलं, मूळचं आमच्या गावापासून तीन कोसांवरच्या एका खेड्यातलं. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा मागतात. विमुक्त-भटक्यांसाठी ही तारीख 21 नोव्हेंबर 1961 आहे आणि इतर मागासवर्गीयांसाठी 13 ऑक्टोबर 1967.

आता पुरावा आणायचा कुठून? ज्याच्या घरी जमीन, त्याच्याकडे उतारे असतात. जो शाळेत गेला, त्याचं नाव जनरल रजिस्टरात असतं. या मुलीचे आजोबा दोर वळायचे, लग्नात हलगी वाजवायचे. जमीन नव्हती आणि शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं. माझा विद्यार्थी म्हणाला, "सर, आम्ही पिढ्यान् पिढ्या इथलेच, पण कागदावर आम्ही कुठंच नाही."

मी म्हटलं, कोतवाल बुक बघू. खेड्यात कोण जन्मलं, कोण मेलं, हे या वहीत उतरवलं जाई. तीत बापाचं नाव, जात, तारीख आणि मेला असेल तर कारण. जमीन असो वा नसो, जन्म आणि मृत्यू सगळ्यांनाच आहे. त्यामुळे ज्यांना बाकी कुठल्या दप्तरानं विचारलं नाही, तेही इथं सापडतात.

चार दिवस आम्ही तिघं त्या खोलीत बसलो. आजोबांच्या जन्माची अंदाजानं धरलेली सालं पाहून झाली. पण नेमकी तीच पानं वाळवीनं खाल्ली होती. चौथ्या दिवशी दुपारी 1938 सालच्या पानावर मुलीच्या पणजोबांचं पूर्ण नाव दिसलं. बापाचं नाव, आज्याचं नाव, पुढं जात. अपत्याच्या रकान्यात नाव नव्हतं, नुसतं 'मुलगी' एवढंच लिहिलं होतं. माझा विद्यार्थी म्हणाला, "आमच्या वडिलांना बहीण होती असं कधी ऐकलं नाही." मी मृत्यूची पानं उलटली. अकरा दिवसांनंतरच्या तारखेला तेच बापाचं नाव होतं, मुलगी, वय अकरा दिवस, कारण 'ताप'.

नाव ठेवण्याआधीच ती गेली होती. तिला कुणी आठवत नव्हतं, घरातसुद्धा नाही. एका कोतवालानं सांगितलं, एका लिहिणाऱ्यानं लिहिलं, आणि ऐंशी वर्षांनी तिच्या भावाच्या नातीला त्या दोन ओळींनी कॉलेजात प्रवेश मिळवून दिला. नक्कल हातात पडली तेव्हा बापलेक दोघंही बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मुलीनं विचारलं, "सर, ही लिपी शिकायला किती दिवस लागतात?"

पुढं 2023 साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तेव्हा गावोगावची दप्तरं उघडली आणि मोडी-उर्दू वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. एका ओळीसाठी माणसं किती लांब जातात, हे तेव्हा साऱ्या राज्यानं पाहिलं. मला ते त्या चार दिवसांतच कळलं होतं.

'पुढील सभेपर्यंत तहकूब'

प्रवेश झाला तरी सुट्टीत ती मुलगी मोडी शिकायला येऊ लागली. डोकं तल्लख, दोन-तीन महिन्यांत अडखळत का होईना वाचू लागली. मी तिला नगरपालिकेच्या वह्या वाचायला बसवलं. ती वाचायची, मी टिपून घ्यायचो.

इथं महाडची थोडी आठवण करून द्यायला हवी. 4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव. महाडच्या नगरपालिकेनं 5 जानेवारी 1924 रोजी चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला, पण तो कागदावरच राहिला. मार्च 1927 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी तिथं सत्याग्रह केला. त्याच वर्षी 4 ऑगस्टला नगरपालिकेनं आपला ठराव मागं घेतला. प्रकरण कोर्टात गेलं. तळं नगरपालिकेचं आहे की नाही आणि बंदीचा रिवाज अनादी आहे की नाही, यावर दहा वर्षं वाद चालला. अखेर 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयानं अपील फेटाळलं, कारण अनादी रिवाज सिद्ध झाला नव्हता. एका लहानशा गावच्या नगरपालिकेचे दोन ठराव, एक करण्याचा आणि एक मोडण्याचा, देशाच्या इतिहासात जाऊन बसले.

मला कुतूहल होतं की आमच्या गावानं काय केलं असेल. बोले ठराव विचारात घ्या असं सगळ्याच नगरपालिकांना कळवलं गेलं होतं. मुलगी वाचत होती. सभेपुढं विषय आला होता. बाजारातली आणि वेशीजवळची अशा दोन विहिरींचा उल्लेख होता. चर्चा काय झाली ते लिहिलेलं नाही. पुढं लिहिलं होतं, 'सदर विषय पुढील सभेपर्यंत तहकूब ठेवावा.' मग सूचना मांडणाऱ्या सभासदाचं नाव. ते वाचून ती थांबली आणि माझ्याकडे पाहिलं. आडनाव माझं होतं. नाव माझ्या आजोबांचं होतं, ज्यांनी मला ही लिपी शिकवली त्यांचं.

आम्ही पुढची सभा पाहिली, त्याच्या पुढची पाहिली. वही संपेपर्यंत पाहिली, मग दुसरी वही काढली. तो विषय पुन्हा कधी आलाच नाही. आमच्या गावानं ठराव केला नाही, फेटाळलाही नाही. सभ्य शब्दांत तो पुढं ढकलला आणि विसरून गेला.

घरी माझ्या आजोबांचा फोटो आहे. गावात मोफत वाचनालयासाठी त्यांनी जागा दिली, ती नोंदही मला त्याच वहीत, चार पानं मागं सापडली होती आणि मी ती आनंदानं टिपून घेतली होती. त्या रात्री मला झोप लागली नाही. स्मरणिकेच्या समितीतल्या एका स्नेह्यानं समजावलं, "सर, शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट. उगाच कशाला? वाचनालयाचं लिहा की." दुसरे म्हणाले, "काळच तसा होता." काळ तसा होता हे खरं. पण त्याच काळात महाडमध्ये निदान कागदावर तरी ठराव झाला होता, हेही तितकंच खरं.

मी मुलीला विचारलं, "तुला काय वाटतं?" ती म्हणाली, "सर, तुमच्या आजोबांचं वाईट लिहा असं मी म्हणणार नाही. पण माझी पणजी त्या वेशीजवळच्या विहिरीवर उभी राहायची आणि कुणी वरून पाणी घालेल म्हणून वाट बघायची, असं आजी सांगते. ते का, एवढं तरी गावाला कळू दे."

मी दोन्ही लिहिलं. वाचनालयाचा ठराव तारखेसह लिहिला, आणि तहकुबीचा ठरावही तारीख, ठराव क्रमांक आणि सूचकाच्या नावासह. विशेषण एकही लावलं नाही. समितीत थोडी कुरबूर झाली, पण वहीचं पान समोर ठेवल्यावर कुणाला काही म्हणता येईना. माझ्या धाकट्या भावाला मात्र ते रुचलं नाही, आजही रुचलेलं नाही. दिवाळीला तो येतो, पण तो विषय आम्ही काढत नाही. आमच्या घरातही तो तहकूबच आहे.

सोमवारी तीन वाजता

हे सगळं सांगायचं कारण, कागद शोधणं आता पूर्वीइतकं अवघड राहिलेलं नाही. माहितीचा अधिकार 12 ऑक्टोबर 2005 पासून लागू झाला. अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, मजकूर दीडशे शब्दांत आणि एकाच विषयाचा ठेवायचा. 'सर्व माहिती द्यावी' असं लिहू नये. 'अमुक साल ते अमुक सालची सभेची प्रोसिडिंग बुकं पाहायची आहेत' असं नेमकं लिहावं. नकलेपेक्षा आधी पाहणी मागावी, कारण काय हवं आहे ते बहुधा पाहिल्यावरच कळतं. महाराष्ट्र शासनानं तर नोव्हेंबर 2018 मध्ये असा निर्णय केला, की जिल्हा पातळीच्या आणि त्याखालच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी तीन ते पाच नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत. कित्येक कचेऱ्यांत विचारणाराच येत नाही, म्हणून किल्ली हरवते.

त्याच कायद्याच्या चौथ्या कलमात असंही लिहिलं आहे, की प्रत्येक कार्यालयानं आपलं दप्तर सूची करून नीट लावून ठेवावं. शिवाय 2005 चा महाराष्ट्राचा सार्वजनिक अभिलेखांचा कायदा आहे. त्यामुळे 'फाईल सापडत नाही' हे उत्तर मिळालं, तर हात हलवत परत येऊ नये. ते उत्तर लेखी मागावं. तोंडी न सापडणारी फाईल लेखी उत्तराच्या वेळी सापडल्याचं मी दोनदा पाहिलं आहे. अर्थात कचेरीतल्या माणसांशी भांडून काही हाती लागत नाही. मला अखेर मदत केली ती त्या शिपायानंच. कोणत्या गठ्ठ्याखाली काय आहे, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

जमिनीचे जुने उतारे आणि फेरफार आता बऱ्याच ठिकाणी संगणकावर चढले आहेत. पण लहान गावांच्या नगरपालिकांची प्रोसिडिंग बुकं, घरपट्टीच्या वह्या, दुष्काळी कामांचे मस्टर यांच्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलेलं नाही. वाळवीचं मात्र आहे.

आमच्या नगरपालिकेनं ती खोली आता साफ केली. पोती बाहेर गेली, लोखंडी मांडणी आली, वह्यांवर सालं लिहिलेली चिठ्ठी लागली. ती चिठ्ठी त्या मुलीच्या अक्षरातली आहे. ती आता जिल्ह्याच्या रुग्णालयात नोकरीला आहे. जन्माची नोंद करून घेताना बापाचं नाव, आज्याचं नाव ती दोनदा विचारून घेते, असं तिच्या वडिलांनी मला सांगितलं.

वेशीजवळची विहीर बुजली आहे. तिच्यावर आता रिक्षाथांबा आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)